गोळी मिळते का?

गावंडेकाका फोनवर हॅलो म्हणत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी सहाला आमचा फोन वाजतो आणि पलीकडून थेट प्रश्न येतो, "काय बाबू, गोळ्या हायेत ना?"

आधी हा प्रश्न मला सोपा वाटायचा. माझ्या बायकोला, वर्षाला, थायरॉइडची रोजची गोळी आहे. काका त्याच गोळ्यांचं विचारतात असं समजून मी टीव्हीवरची नजर न हलवता "आहेत, आहेत" म्हणायचो. मग काकांनी हरणं मारायची रायफल घ्यायचं मनावर घेतलं आणि माझ्या डोक्याचा पार घोटाळा झाला. एका शुक्रवारी म्हणाले, "दोनशे त्रेचाळीसची कुठंबी मिळते. साडेसहाची मागवा लागते."

मी फोनवर हात ठेवून वर्षाला विचारलं, "तुझी गोळी कितीची गं?"

"पंच्याहत्तरची. का?"

"काका दोनशे त्रेचाळीस म्हणतायत."

"काकांना म्हणावं, मारता का मला?"

पुढच्याच आठवड्यात त्यांनी माझ्या ऑफिसात फोन करून विचारलं, "कार्ट्रिज कोनतं घेऊ?" मी म्हटलं, "प्रिंटर कुठला आहे?" त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

काका मूळचे अमरावतीचे. इथे इंग्लंडात, ब्रिस्टलला, विमानांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी केली, रिटायर झाले, आमच्यापासून तिसऱ्या घरात एकटे राहतात. माणूस खरेदीला निघाला की वस्तू बघतो. काका आधी दुकान बघतात. दाढीला अजून जुनं दुधारी ब्लेड, कारण ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. आम्ही वाढदिवसाला सुंदर शाईपेन दिलं. उघडायच्या आधी विचारलं, "याची शाई कुठं भेटते?" मी म्हटलं, इंटरनेटवरून मागवू. पेन परत आलं, वर सल्ला: "संपल्यावर जे भेटत नाई, ते घरात आनूच नये."

रायफलीचं कारण मात्र खरं होतं. शहराबाहेर जॉन नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची सफरचंदाची बाग आहे. हरणं येऊन रोपांची साल सोलून खातात. जॉनचे गुडघे गेले. काका रविवारी त्याच्याकडे चहाला जातात, नेमबाजीसाठी हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर छर्ऱ्याची बंदूकही चालवतात. जॉन म्हणाला, रायफल घे, माझ्या रानात परवानगी देतो. झालं! काकांचं दोन वर्षं काडतूसच ठरेना.

"काका, एक घ्या आणि मोकळे व्हा."

"या देशात लायसनवर काडतुसाचं माप लिहून देतात, समजलं? बदलाचं तं पुन्हा फॉर्म. अन् घरात किती ठेवाचे त्यालेबी मर्यादा. म्हंजे साठा नाई करता येत. मंग दुकानातच पाह्यजे का नाई?"

म्हणून दर शनिवारी ते बंदुकांच्या तीन दुकानांना फोन करायचे. "टू-फोर-थ्री आहे? थँक्यू." फोन खाली. घ्यायचं काहीच नाही. एका दुकानदाराला हे सरकारी इन्स्पेक्टर वाटत.

शेवटी जॉन कंटाळला. म्हणाला, या महिन्यात फॉर्म गेला नाही तर परवानगी दुसऱ्याला. काका फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. रेफरी लागतो म्हणाले. रेफरी म्हटल्यावर मला आधी शिट्टीच आठवली. मग कळलं, हा माणूस बरा आहे असं लिहून द्यायचं. आता, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या वडिलांनी जन्मभर न वाचता अंगठे दिले. मी वाचल्याशिवाय सही करत नाही. वाचलं, तर काडतुसाच्या मापाची जागा कोरी.

"कोऱ्या फॉर्मवर सही देणार नाही, काका."

"मोठा शिकेल झाला तू!"

"झालोच आहे. चला दुकानात."

दुकानदाराने काउंटरवर दोन रायफली ठेवल्या. साडेसहाची जुनी, अक्रोडाच्या लाकडाची, नेमाला सुरेख. काकांनी ती खांद्याला लावली आणि त्यांचा चेहराच बदलला. मला वाटलं, सुटलो. मग त्यांनी विचारलं, "आणि काडतूस?"

"आज नाही. ऑर्डर केलं की आठवड्यात येईल."

काकांनी रायफल हळूच खाली ठेवली आणि बाहेर जाऊन माझ्या गाडीत बसले. मी चिडलोच होतो. "आठवडा म्हणजे काय मोठं, काका? हरणं काय उपाशी मरतायत?"

ते समोरच्या काचेकडे बघत बोलू लागले.

"इकडं याच्या आधी आम्ही धारणीले होतो, मेळघाटात. माह्या बायकोले, सुमनले, फिट येत. जुन्या गोळीनं दिवसभर पेंगे ती. अमरावतीच्या डॉक्टरनं नवीन गोळी देल्ली, तं स्वयंपाक करता करता गानं म्हनाले लागली. जुनी गावात कुठंबी भेटे. मीच म्हनलं, नवीनच घेत जा. एकदा संपली. दुकानदार म्हने, हप्त्यात येते."

मी विचारलं, "आली नाही?"

"आली ना. बरोबर हप्त्यानं आली." त्यांनी खिशातला फॉर्म काढून मांडीवर सरळ केला. "सुमन नाई थांबली."

कोऱ्या जागेत त्यांनी दोनशे त्रेचाळीस लिहिलं. मी बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

आता लायसन आहे, रायफल आहे. रविवारी काका बागेत जाऊन बसतात. हरणं येतात. जॉन म्हणतो, काका एवढ्या मोठ्यानं खोकतात की ती पळून जातात. काडतुसांचा डबा अजून फोडलेला नाही. तरी शनिवारी दुकानाला फोन असतोच, आणि शुक्रवारी आम्हाला.

"काय बाबू, गोळ्या हायेत ना?"

कुठल्या, ते मला अजूनही नक्की कळत नाही. पण आता मी टीव्ही बंद करतो, ड्रॉवर उघडतो आणि मोजतो.

"अकरा आहेत, काका."

"सोमवारी डॉक्टरकडं पुढच्या गोळ्यांच्या रिपीटची चिठ्ठी टाक."

"टाकतो."

परवा त्यांनी लगेच फोन ठेवला नाही. "मांगून आवाज येऊन राह्यला. सूनबाई गानं म्हन्ते का?"

"भाजी चिरतेय. गुणगुणतेय काहीतरी."

"म्हनू दे," काका म्हणाले. "फोन राहू दे तसाच."