धुतलेला कचरा

मोशीच्या मारुतरावांच्या विहिरीवर त्या रविवारी सकाळी रबराचे काळे कपडे घातलेली, पाठीवर सिलिंडर बांधलेली चार माणसं उतरली, आणि चहा उकळायच्या आत गावभर झालं की मारुतराव गेले.

गावाचं तरी काय चुकलं? विहिरीवर असली माणसं येतात ती मुडदा काढायलाच. दोघी बायका गळा काढतच आल्या. मारुतराव कठड्यावर तंबाखू मळत बसलेले बघून जरा हिरमुसल्याच. हिंजवडीहून लेकाचाही फोन आला. हिंजवडी म्हणजे मोशीपासून तशी अमेरिकेइतकीच लांब.

"आबा, तुम्ही बरे आहात ना?"

"हाय की. का रं?"

"काही नाही. मीटिंगमध्ये आहे, ठेवतो."

दिवाळीनंतर आज फोन आला होता. मरायचा एवढा तरी फायदा.

ही मंडळी चाकणच्या एका कंपनीतली. सुट्टी मिळाली की पदरमोड करून मालवणला जायची आणि समुद्राच्या तळातलं प्लॅस्टिक उपसायची. त्यांची म्होरकी तनुजा. विहीर वापरू का म्हणून तिनं आदल्या दिवशीच विचारलं होतं.

"काका, समुद्रात खाली प्रवाळ असतं. दगडासारखं दिसतं, पण जिवंत असतं. नुसता पाय लागला तरी मोडतं. म्हणून गढूळ पाण्यात, कशाला धक्का न लावता कचरा उचलायचा सराव लागतो. तुमच्या विहिरीत कचरा भरपूर आहे."

"त्यो हाय," मारुतराव म्हणाले होते. जणू ज्वारीच पिकली होती.

मग दर रविवारी पोरं यायची. बुड्या मारायची, बाटल्या, थर्माकोल, निर्माल्याच्या पिशव्या वर काढायची, आणि शेवटी ओल्या केसांनी ओसरीवर पिठलं-भाकरी चेपायची. बायको सुभद्राबाई गेल्यापासून त्या घरात एकाच ताटाचा आवाज व्हायचा. आता "काका, मिरची!" "काका, अजून अर्धी!" असा कालवा. मारुतराव शनिवारपासूनच कांदे निवडायला लागायचे.

आणि एका रविवारी तनुजा हात जोडून म्हणाली, "काका, विहीर एकदम स्वच्छ झाली. आता तुम्हाला त्रास नाही."

असं वाईट बोलणं मारुतरावांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

चार दिवस गडी नुसता नितळ पाण्यात बघत बसला. मग उठला. विहिरीत कचरा टाकायचा म्हणजे जिवावरच आलं, बाप त्याच पाण्यावर वाढलेला. घाण कशी टाकायची? पण घरात स्वच्छ कचरा होता. सुभद्राबाई दुधाची प्रत्येक पिशवी धुवायची, फरशीवर चिकटवून वाळवायची, घडी घालून रबर लावून गादीखाली सारायची. भंगारवाल्याला द्यायच्या राहूनच गेल्या होत्या. तिच्या बाजूची गादी त्या पिशव्यांनी वीतभर उंच झाली होती.

मारुतरावांनी एक गड्डी काढली, बुडावी म्हणून आत दगड घातला, सोडून दिली. लगेच फोन.

"तनुजाबाई, परत घाण झाली बगा! त्ये शेजारचे सोसायटीवाले टाकत्यात."

रविवारी पोरं हजर. दर आठवड्याला मग हेच. गादी बसत चालली. रात्री कूस बदलली की तिची बाजू खाली लागायची. मारुतराव डोळे मिटून रविवार आठवायचे.

पण बोलणं पोचलं सोसायटीचे चेअरमन दौलतराव यांच्याकडे. आकुर्डीच्या कंपनीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेला माणूस. बायको तळेगावला लेकीकडे नातू सांभाळायला, त्यामुळे भांडायला वेळच वेळ. प्लॅस्टिकची खुर्ची आणि छत्री घेऊन ते थेट विहिरीवरच बसले.

"मारुतराव, माझ्या सोसायटीचं नाव घेता? चोर पकडल्याशिवाय इथून हलणार नाही!"

आता आली का पंचाईत! शनिवार उजाडला, तरी खुर्ची हलेना. शेवटी मारुतराव चहा घेऊन गेले. एका हातात कप, दुसरा हात धोतराच्या सोग्याखाली. दौलतरावांनी कपात तोंड घातलं आणि इकडे डुबुक!

"काय वाजलं?"

"बेडूक."

"एवढा?"

"मोशीचा हाय."

रविवारी तनुजानं पायरीवर गड्डी ठेवली. दौलतरावांनी झडप घालून ती उघडली. हुंगली. आतला दगड हातावर घेतला.

"ही धुतलेली आहे! घडी घातलेली! अहो, माझ्या सोसायटीत लोक ताटं धुवायला कंटाळतात, दुधाच्या पिशव्या धुवून कोण टाकेल?"

सगळ्यांच्या माना मारुतरावांकडे वळल्या. ते चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. ओसरीवरचं पिठलं गार होत होतं. हे शेवटचंच, त्यांच्या मनात आलं.

"काका," तनुजा म्हणाली, "आम्हाला पहिल्याच गड्डीला कळलं होतं."

"मग बोल्ली का न्हाईस?"

"पिठलं बंद झालं असतं." बाकीची पोरं फिदीफिदी हसली. तिनं पाठीमागची जाळीची पिशवी पुढं ओढली. आत सगळ्या गड्ड्या होत्या, पुसून वाळवलेल्या. "ह्या काकूंच्या असणार. जिथं होत्या तिथं ठेवा. रविवारी आम्ही येतोच. फक्त सरावाला दुसरं काहीतरी टाका, आणि कोपरा बदलत जा. तुम्ही एकाच जागी टाकता, डोळे मिटून सापडतं."

मारुतरावांनी नाक ओढलं. ते म्हणाले, "मिरची तळतो," आणि आत गेले.

दौलतराव मात्र बिनकामाचे झाले. चोर सापडला, आता खुर्ची उचलायची. घरी कुणासाठी जायचं? पिठलं दोनदा मागून घेऊन ते मुकाट्यानं गेले.

पुढच्या शनिवारी मारुतराव बघतात तर खुर्ची परत विहिरीवर. दौलतरावांनी इकडेतिकडे बघितलं, शर्टाच्या आतून दुधाच्या पिशव्यांची एक वेडीवाकडी गड्डी काढली आणि हळूच पुढं केली.

"सरावाला."

मारुतरावांनी ती उघडली, नाकाला लावली आणि परत त्यांच्या हातात कोंबली.

"वास मारती. नीट धुवून आणा. आमच्या हिरीत असलं चालत न्हाई."