विस्तिन मास्तरांचे मौन

लिडविनाने वडिलांकडून सांता मारियाच्या तसबिरीसमोर शपथ वदवून घेतली: पुरातत्त्व खात्याची बाई शेतात असेपर्यंत त्यांनी तोंड उघडायचे ते फक्त चीज भरलेल्या खुसखुशीत पास्तिझी खाण्यासाठी.

अट जाचक होती, पण विनाकारण नव्हती. विस्तिन मालिया यांनी एकतीस वर्षे सरकारी शाळेत लॅटिन शिकविले आणि निवृत्तीनंतर माल्टातील प्रत्येक माणसाचे प्रत्येक विधान खोडून काढण्याचे व्रत घेतले. क्रेंदी गावात त्यांना पाहून पाद्रीदेखील रस्ता ओलांडीत असे. त्यांचा सर्वांत लाडका सिद्धांत असा की, घरामागच्या शेतातले तीन उभे दगड म्हणजे पाच हजार वर्षांपूर्वीच्या देवळाचे अवशेष होत. या विषयावर त्यांनी वर्तमानपत्रांना बावीस पत्रे लिहिली. चार छापून आली, तीही काटछाट करून. म्हणून त्या संपादकांना आणखी चार. खात्याने एकाचीही दखल घेतली नाही.

आता त्याच शेतात लिडविनाला घर बांधायचे होते. लग्न वसंतात ठरले होते, नकाशे तयार होते, अडले होते ते खात्याच्या एका ना-हरकतीवर. गवंड्याने तिला बजावले होते की, पाया खणताना साप निघाला तर मारता येतो, देऊळ निघाले तर घरच मरते.

खात्याच्या श्वेरेबबाई आल्या. वय तिशीचे, हातात टेप, डोक्यावर उन्हाची टोपी. दगडांभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी निकाल दिला.

"शेळ्यांचा गोठा आहे. फार तर दीडशे वर्षांचा. बांधा घर."

लिडविनाने बशी वडिलांपुढे सरकवली. मास्तरांनी एक अख्खी पास्तिझी तोंडात कोंबली. प्रकरण इथेच संपायचे. पण बाई भल्या स्वभावाच्या होत्या, आणि भल्या माणसांना कारणे सांगण्याची खोड असते.

"हे भोक बघा ना. शेळीचं दावं अडकवायला पाडलंय."

मास्तरांचे चावणे थांबले. चुकीचा निष्कर्ष त्यांनी मुलीखातर सोसला असता. पण तो इतक्या भिकार युक्तिवादावर उभा राहावा, हे त्यांच्या सहनशक्तीपलीकडचे होते.

"शेळीची मान जमिनीपासून किती उंच असते?" त्यांनी विचारले.

"पपा, चहा घ्या."

"चहा नको. मी फक्त उंची विचारली."

भोक माणसाच्या डोक्याहून वर होते. बाई म्हणाल्या की, पूर्वी जमीन उंच असेल, माती वाहून गेली असेल. मास्तर म्हणाले की, असे भोक आणखी कुठे आहे ते त्यांना ठाऊक आहे. लिडविना म्हणाली की, बाईंना घाई असेल. बाई म्हणाल्या, गाडी आहे.

पाव तासात तिघेही हाजर ईमच्या पाच हजार वर्षांच्या देवळात, त्यावर ताणलेल्या पांढऱ्या छताखाली उभे होते. एक वाटाड्या उन्हाने लाल झालेल्या प्रवाशांच्या कळपाला सांगत होता की, हे राक्षसांनी बांधले. त्याच्यासंबंधी मास्तरांनी शपथ घेतली नव्हती. त्यांनी दहा मिनिटांत त्याचा पाडाव केला आणि मग बाईंना दाराच्या चौकटीतले भोक दाखविले. तीच उंची, तोच तिरकस कोन. बाईंनी त्यात बोट घातले, काढले, पुन्हा घातले.

"योगायोगही असेल," त्या म्हणाल्या. "तुमच्या दगडांवर ठिपक्यांची नक्षी असती, तर गोष्ट वेगळी."

तिन्ही दगड कोरे करकरीत होते. कुठल्याही बापाने इथे देवाचे आभार मानून घर गाठले असते. मास्तरांनी मुलीकडे पाहिले. तिने हनुवटी वर करून जिभेने 'चक्' केले. या बेटावर याहून स्पष्ट नकार नाही.

"आमच्याकडे चौथा दगड होता," मास्तर म्हणाले.

तो चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या चुलतभावाने, झेप्पूने, गाडीवर घालून विद इझ-झुर्रीकच्या कोळीवाड्यात नेला होता. तिघे गाडीने तिथे उतरले तेव्हा खाली समुद्रालगत, ओढून घेतलेल्या होड्यांच्या रांगेत, झेप्पू त्याच दगडावर लॅम्पुकी मासे कापीत बसला होता.

"उलटा कर," मास्तर म्हणाले.

"मासळीसकट? नेला म्हणून चाळीस वर्षं शिव्या घालतोस, आज उलटा करायला आलास? आणि ह्या बाई कोण?"

लिडविना त्याच्या कानाशी लागली. "काका, जड आहे म्हणून सांगा. हलत नाही म्हणा."

दुर्दैवाने झेप्पूही मालियाच होता.

"जड? मला?" त्याने सुरी खोचली, मासळी टोपलीत लोटली, आणि कुणालाही हात लावू न देता दगड एकट्याने उलटविला. खालच्या अंगाला, खवल्यांच्या आणि मिठाच्या थराखाली, ठिपक्यांच्या ओळीच्या ओळी होत्या.

बाई गुडघ्यांवर बसल्या. मास्तर पाऊण तास बोलले आणि बाईंनी शब्द अन् शब्द लिहून घेतला. बावीस पत्रांत न मिळालेला श्रोता त्यांना मासळीच्या वासात मिळाला.

आठव्या दिवशी परवानगी नाकारल्याचे पत्र आले. लिडविना चार दिवस बापाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने अपील केले आणि ते लढविण्यासाठी बापालाच उभे केले, कारण त्यांच्या मुद्द्यांना टक्कर देणारा दुसरा माणूस तिला सापडेना. मास्तरांनी तीन आठवडे रात्रंदिवस खपून गोठ्याच्या बाजूने निवेदन तयार केले. ते प्रामाणिक होते, भक्कम होते. झेप्पूच्या दगडाचा बंदोबस्तही त्यांनी दोन पानांत केला होता.

सुनावणीत श्वेरेबबाईंनी स्वतःचे काहीच सांगितले नाही. वही उघडली आणि मास्तर समुद्रकाठी जे बोलले होते, ते सावकाश वाचून दाखविले. मास्तर आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. मग आठ्या गेल्या. मग त्यांनी डोळे मिटले.

"यावर आपलं म्हणणं?" अध्यक्षांनी विचारले.

मास्तरांनी हातातले निवेदन हळूच पालथे ठेवले.

"याला उत्तरच नाही," ते म्हणाले.

"पपा," लिडविना दात आवळून म्हणाली, "माझं घर."

"घराचं बघू. आधी बाईंना म्हणावं, शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचा."