कोणी न्यायला न आलेला कोट

माझ्यात आत्मविश्वास नाही, असं बायकोचं म्हणणं आहे. त्यावर तिच्याशी वाद घालण्याइतका आत्मविश्वास माझ्यात नसल्यामुळे आमच्या घरात ते मत सर्वमान्य आहे. तेव्हा शुक्रवारच्या मुलाखतीला कोट घालून जायचं, हा निर्णय मी घेतला असं आपलं म्हणायचं. (तो तिने घेतला. मी तेव्हा बटाटे सोलत होतो.)

मुलाखत होती उपप्रमुखाच्या जागेची. मी रेकॉर्ड विभागात चौदा वर्षं क्लार्क आहे. या जागेसाठी आधी दोनदा मुलाखत दिली आणि दोन्ही वेळा ती दुसऱ्याला मिळाली. का, ते मला कोणी सांगितलं नाही. या वेळी आमच्या टायपिंगच्या बाईंनीही अर्ज केला होता. आमच्याकडे तीनदाच अर्ज करता येतो, म्हणजे ही शेवटची संधी. यंदा हुकली की निवृत्त होईपर्यंत खिडकीजवळचं तेच टेबल. मुलगी शाळेचा फॉर्म भरत होती, तेव्हा 'वडिलांचा हुद्दा' या रकान्यापाशी थांबून तिने विचारलं, "बाबा, अजून तेच लिहू ना?" खोटं कशाला सांगू, ते 'अजून' मला फार लागलं. मला ती जागा हवी होती.

माझा मेहुणा एका मोठ्या कंपनीत साहेब आहे. त्याने फोनवर अर्धा तास व्याख्यान दिलं. त्याचं म्हणणं, माणूस खोलीत शिरण्याआधी त्याचे कपडे शिरतात. माझे कपडे म्हणजे खिशावर शाईचा डाग असलेले दोन चॉकलेटी शर्ट. ते आधी शिरून काय सांगत असतील, याचा विचारही नको.

कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याकडे लोकांनी टाकलेले आणि न्यायचे राहिलेले कपडे असतात. वर्ष उलटलं की तो ते नेहमीच्या गिऱ्हाइकांना अडीअडचणीला वापरायला देतो. बुधवारी बायकोने तिथून एक करडा कोट आणला. मालकाचं विचारल्यावर लाँड्रीवाला म्हणे एवढंच म्हणाला, की ते आले नाहीत आणि येतील असंही वाटत नाही. आम्ही पुढे काही विचारलं नाही. फुकटच्या वस्तूची आम्ही कधी चौकशी करत नाही.

कोट अंगात घातला आणि आतून ऊब लागली. कोणीतरी नुकताच काढून ठेवावा तशी. बायको म्हणाली, इस्त्रीची असेल. इस्त्री सोमवारी झाली होती. पण कोट असा बसला की जणू माझ्याच मापाने शिवला असावा. खांदे आपोआप मागे गेले, पोट आत गेलं. (गेली कित्येक वर्षं ते कुठे जायला तयार नव्हतं.) मुलगी दारात येऊन उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही उंच का दिसताय?" मी हसलो. पण ते हसणं जरा उशिरा आलं, आणि माझं वाटलं नाही.

सवय व्हावी म्हणून गुरुवारी मी कोट घालून ऑफिसात गेलो. चौदा वर्षं रोज माझं ओळखपत्र मागणारा वॉचमन उठून उभा राहिला. लिफ्टमधली माणसं बोलता बोलता गप्प झाली आणि त्यांनी मला जागा दिली. मी म्हटलं, मेहुणा हुशार आहे. आमचा म्हातारा शिपाई माझ्यासमोर चहा ठेवून निघून गेला. चहा कोरा होता, बिनसाखरेचा. मी दूध आणि तीन चमचे साखर घेतो. तरी तो प्यायलो, आणि आवडलाही. माझा हात मात्र सारखा वरच्या खिशाकडे जात होता, चष्मा काढायला. मला चष्मा नाही.

अकरा वाजता मी आदल्या दिवशी स्वतःच लिहिलेली एक टिपणी तपासायला घेतली. डोळे वर केले तेव्हा तिच्यावर मोठ्या, तिरक्या अक्षरात शेरा होता : 'ढिसाळ. पुन्हा लिहा.' पेन माझ्या हातात होतं. अक्षर माझं नव्हतं. मी निमूटपणे ती पुन्हा लिहिली. शेरा रास्त होता.

जेवणाच्या सुट्टीत शिपायाने मला फायलींच्या कपाटाआड नेलं.

"हा कोट कुठून आणलात?"

मी सांगितलं.

"लाँड्रीत मीच टाकला होता. मोठ्या साहेबांचा. खालचं बटण बघा, निळ्या दोऱ्याने मीच लावलंय."

मोठे साहेब म्हणजे आमचे आधीचे विभागप्रमुख. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी आपल्या केबिनमध्ये फाईल वाचता वाचता ते गेले. पान उलटायला उचललेला हात तसाच राहिला होता, असं सांगतात. मी खालचं बटण पाहिलं. दोरा निळा होता.

घरी आल्याबरोबर मी बायकोला सगळं सांगितलं आणि कोट आत्ताच्या आत्ता परत कर म्हटलं. मला खरंच भीती वाटत होती. ती शांतपणे म्हणाली, की गेलेल्या माणसाला कोट लागत नाही, तुम्हाला लागतो, आणि नुसत्या डागाच्या शर्टात मी तुम्हाला पाठवणार नाही. मी कोट भिंतीकडे तोंड करून टांगला. सकाळी त्याचं तोंड दाराकडे होतं, निघायची वेळ झाल्यासारखं. बायकोच्या मते हँगर फिरतो. आमचा हँगर आजवर कधी फिरला नाही.

मुलाखतीला तिघं होते : आमचे संचालक, आस्थापना विभागातल्या बाई आणि बाहेरचे एक वयस्कर सदस्य. मी आत पाऊल टाकलं आणि संचालक अर्धवट उठले. त्यांच्या तोंडून "सर" निघून गेलं. मग चेहरा पुसत ते खाली बसले. कधी काळी ते मोठ्या साहेबांच्या हाताखाली होते.

पहिला प्रश्न आला आणि उत्तर माझ्या तोंडून निघालं. पण आवाज जड होता, छातीतून येणारा. मी बसून ऐकत होतो. उत्तम उत्तरं होती. एकही 'म्हणजे' नाही, एकही 'तसं पाहिलं तर' नाही. बाईंनी दोन वर्षं न सापडलेल्या एका फाईलचा विषय काढला. आवाज म्हणाला, "तिसरं कपाट, वरचा कप्पा, नकाशांच्या मागे." शिपाई गेला आणि पाच मिनिटांत फाईल घेऊन आला. तो माझ्याकडे न बघता फाईल ठेवून गेला. खोलीत गारठा पसरला होता, पण मी मनातून हरखलो होतो. जागा माझीच होती. भूत असेल तर असो, मुलीचा फॉर्म तर बदलणार होता.

मग बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला. या जागेला लायक कोण, असं तुम्हाला वाटतं? अगदी स्वतःबद्दल बोललात तरी चालेल.

मी 'मी' म्हणायला तोंड उघडलं.

"तो खिडकीजवळचा?" आवाज म्हणाला. "माणूस सरळ आहे. पण जबाबदारी देऊ नका. निर्णयाची वेळ आली की तो पाणी प्यायला जातो. दोनदा त्याचं नाव मी खोडलं, तुम्ही तिसऱ्यांदा खोडा. टायपिंगच्या बाईंना घ्या."

मी दोन्ही हातांनी तोंड दाबायला गेलो. हात मांडीवरून हलले नाहीत. तिघंही माझ्याकडे बघत होते. आता काहीतरी बोलायलाच हवं होतं, ताबडतोब. तेवढ्यात उजवा हात सुटला. मी समोरचा ग्लास उचलला आणि पाणी प्यायलो. (हे मात्र मी स्वतः केलं.)

सोमवारी निकाल लागला. टायपिंगच्या बाई उपप्रमुख झाल्या. मला वेगळं पत्र आलं. स्वतःचं इतकं निःपक्षपाती मूल्यमापन करणारा उमेदवार निवड मंडळाने यापूर्वी पाहिलेला नाही आणि मंडळ त्याच्या मताशी पूर्ण सहमत आहे, असं त्यात होतं.

त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला मुलाखतीत काय घडलं ते अक्षरशः शब्द न् शब्द सांगितलं. वाटलं, निदान आता तरी ती घाबरेल, माझा हात धरेल, थोडं रडेलही. तिने सगळं ऐकून घेतलं. कोटाची नीट घडी घातली, त्यावरून हळुवार हात फिरवला आणि सुस्कारा सोडला.

"माणसाची इतकी पारख असलेले गृहस्थ," ती म्हणाली, "फार लवकर गेले हो."