सिस्टरकाकू आणि भिंतीतलं पाणी

कोणाच्याही नव्या घरात पाऊल टाकलं की सिस्टरकाकू आधी न्हाणीघर गाठतात. दाराला तोरण, हॉलमध्ये पूजा, यजमानीणबाई सरबताचा ट्रे घेऊन समोर. काकू या सगळ्याच्या कडेने आत निघून जातात आणि घरातले सगळे नळ एकदम सोडल्याचा आवाज येतो. मग फ्लश. थोडी शांतता. पुन्हा फ्लश. बाहेर यजमान परीक्षेच्या निकालाला उभं राहिल्यासारखा उभा.

काकू आमच्या शेजारीण. सारी नोकरी नर्स म्हणून केली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी अख्खं पांढरकवडा गाव त्यांना सिस्टरच म्हणतं. माणसं तपासायची राहिली नाहीत म्हणून काकू घरं तपासतात, असं माझी बायको म्हणते. भाषा मात्र दवाखान्याचीच. नळाच्या पाण्याचा दाब म्हणजे बीपी. सांडपाण्याची लाईन म्हणजे कोठा. कोणी कौतुकाने फॉल सीलिंग दाखवायला लागलं की काकू म्हणतात, "ते राहू दे बावा. मले कोठा दाखव."

आमच्या ऑफिसातल्या वानखडेच्या घरभरणीला भटजी मंत्र म्हणत होते, आणि आत काकूंनी न्हाणीत भरलेली बादली ओतली. पाणी जाळीकडे जायचं सोडून उंबऱ्यावरून हॉलमध्ये आलं. भटजींनी पाय पाटावर घेतले, मंत्र चालू ठेवला. काकू पाण्यामागोमाग बाहेर आल्या.

"वानखडेभाऊ, उतार दाराकडं हाय. आंघोळ हॉलमध्येच करान काय आता?"

वानखडे बरेच दिवस माझ्याशीही बोलला नाही. पण न्हाणीची फरशी त्याने उखडून पुन्हा बसवली.

गेल्या वर्षी आम्ही काकूंच्याच लाईनीत घर बांधायला काढलं, तेव्हा बायको म्हणाली, "नकाशा इंजिनियरला दाखवून काय करता? काकूंना दाखवा." दाखवायची गरजच पडली नाही. पाईप टाकायला सुरुवात झाली त्या दिवशी काकू घरून खुर्ची घेऊनच आल्या. आमचे प्लंबर इरफानभाई, गावात त्यांच्या हाताला नाव. पण काकू मागे बसल्या की तेही प्रत्येक जोड पुसून पुसून लावायचे.

"इरफान, प्लास्टरच्या आधी बीपी पाह्यजो."

"पाहतो सिस्टर. पंप आणला ना."

पाईप पाण्याने भरले, तोंडं बंद केली, पंपाने दाब दिला आणि सगळे पंपावरच्या दाबाच्या काट्याकडे पाहत राहिलो. आम्ही थोडाच वेळ. काकू मात्र संध्याकाळपर्यंत खुर्ची टाकून काट्यासमोर बसल्या. काटा हलला नाही.

"पेशंट चांगला हाय," काकू म्हणाल्या. इरफानभाई असे खुश झाले की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

प्लास्टर झालं, टाईल्स लागल्या. गृहप्रवेश तोंडावर आला. आणि एका दुपारी स्वयंपाकघराच्या भिंतीजवळ काकू थबकल्या.

"आत पाणी वाहून राह्यलं."

मी भिंतीला कान लावला. बायकोने लावला. काही नाही. इरफानभाईंना बोलावलं. त्यांना तर रडूच यायचं राहिलं.

"सिस्टर, तुमच्यासमोर काटा पाह्यला ना? आता कायले फोडता?"

"पेशंट सकाळी ठीक होता म्हणजे संध्याकाळी ठीकच राह्यते काय?"

मला वानखडेची न्हाणी आठवली. मी म्हटलं, फोडा. बायको अंगणात निघून गेली.

टाईल्स फुटल्या, प्लास्टर निघालं, पाईप उघडा पडला. ठणठणीत कोरडा. इरफानभाईंनी त्यावर हात फिरवला आणि धुळीने माखलेला तळवा सगळ्यांना दाखवला. काकूंनीही हात लावून पाहिला.

"आवाज आला होता मले," एवढंच म्हणाल्या, आणि निघून गेल्या. खुर्ची तिथेच राहिली.

त्यानंतर काकू फिरकल्या नाहीत. नव्या टाईल्स जरा वेगळ्या रंगाच्या मिळाल्या, त्या लावल्या. गृहप्रवेशाच्या सकाळी घर पाहुण्यांनी भरलं तरी काकूंचा पत्ता नाही, म्हणून मी बोलवायला गेलो. दार उघडं होतं. वरच्या मजल्यावर पाणी पडत होतं. मी जिना चढलो. वरचं न्हाणीघर चकचकीत, साबण अजून वेष्टनात, नळ, शॉवर सगळं सुरू, आणि काकू दारात स्टुलावर बसलेल्या.

"काय झालं काकू?"

"काई नाई. रोज सोडावं लागते. नळ वापरात नसला की आकडते." त्यांनी शॉवरकडे पाहिलं. "माह्या पोरासाठी, प्रशांतसाठी हा मजला काढला. तो आला की हॉटेलात उतरते. त्याच्या पोराईले एसी लागते म्हणे."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

"खरं सांगू काय? खाली बसलं की मले वाटते, वर कोणी आंघोळ करून राह्यलं. चढून पाह्यते तर कोणी नसते. तुह्या भिंतीतही तसंच झालं असन. कायले बोलली मी? नवी भिंत फोडली तुही."

मी जे खरं होतं तेच सांगितलं.

"काकू, घरी चंद्रपूरचे सगळे नातेवाईक उतरले आहेत. टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत उभे आहेत आणि पूजेची वेळ होत आली. इकडे पाठवू का?"

काकू उठल्या. एकेक नळ बंद केला.

"गिझर लावते. पहिले म्हातारे पाठव. आणि त्याईले सांगजो, घाई करायची नाई."

मामा आले, मग मामी, मग मावसभाऊ, त्यांची पोरं. शेवटच्यांना न्यायला मी पुन्हा गेलो तेव्हा काकू स्वयंपाकघरात होत्या. गॅसवर पाहुण्यांचा चहा, आणि काकू मान जराशी वर करून उभ्या. वर कोणीतरी बेसूर गात तांब्यामागून तांबे ओतत होतं. भिंतीबाहेरच्या पाईपातून पाणी गडगडत खाली येत होतं. काकूंच्या चेहऱ्यावर असं समाधान मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

हळूहळू वरचा आवाज थांबला. पाहुणे चहा पिऊन निघाले.

"अजून कोणाची आंघोळ राह्यली काय रे?" काकूंनी विचारलं.

माझी पहाटेच झाली होती.

"माझी राहिली, काकू," मी म्हटलं, आणि टॉवेल आणायला घरी गेलो.