वजन उतरवण्याची तारीख

वाशिममध्ये सगळ्यांत वाळकुडा माणूस कोण, असं कोणालाही विचारलं असतं तर त्यानं कचेरीसमोरच्या निंबाकडं बोट दाखवलं असतं. त्या निंबाखाली सतरंजी टाकून बापूराव मुन्शी बसत. आणि वजन कमी करायची औषधं, रीतसर डॉक्टरची चिठ्ठी घेऊन, एकामागून एक जर गावात कोणी खाल्ली असतील, तर तीही या बापूरावांनीच.

मी त्यांचा शेजारी. तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यातला तालुका होता, किलो अजून यायचे होते, शेर आणि मणावरच जग चाललं होतं. मी नुकताच बी.ए. होऊन हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागलो होतो. आमच्या घराण्यात अंगठा न लावता सही करणारा मी पहिला, आणि हे मी न विचारताही सांगत असे. बापूरावांनी ते एकदा ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून माझं नावच टाकून दिलं. "ओ बीए, इकडं या." झालं. गल्लीत मी बीए तो बीएच.

बापूराव अर्जनवीस होते, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देत. बांधाचं भांडण, चोरीला गेलेला बैल, नावात झालेली चूक, काहीही घेऊन या. उभा जन्म कोर्टाच्या सावलीत गेल्यामुळं त्यांची बोलीही कोर्टाची झाली होती. घरातसुद्धा "दोन्ही बाजू ऐकल्याबिगर निकाल नाही" हे त्यांचं ब्रीद. बाजारात वांगी घ्यायची तर ते दोन माळणींना समोरासमोर बोलायला लावत. माळणी एकमेकींच्या वांग्यांवर आणि मग एकमेकींच्या घराण्यावर घसरल्या, की बापूराव म्हणत, "वांग्याले पुढच्या बुधवारची तारीख देतो," आणि रिकामी पिशवी घेऊन परत येत.

घरी ते आणि त्यांची एकुलती मुलगी वच्छला, एवढीच माणसं. बायको वारून बरीच वर्षं झालेली. वच्छला चुलीजवळून विचारायची, "बाबा, पिठलं करू का वरण?"

"दोघांची बाजू मांड."

त्यांचा निकाल येईपर्यंत वच्छला दोन्ही करून मोकळी व्हायची, आणि बाप दोन घास खाऊन उठला की उरलेल्याचा निकाल तीच लावायची. अंगानं चांगली भरलेली होती. दोन हातांत पाण्यानं भरलेले दोन पितळी गुंड घेऊन विहिरीवरून यायची आणि वाटेत कोणी बोललं तर ते खाली न ठेवता उभ्या उभ्या गप्पा मारायची. हसली की आमच्या सामाईक भिंतीवरच्या माझ्या आरशाची काच थरथरायची. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. काच खरोखर सैल होती.

या वच्छलाला किन्हीराजा गावचं स्थळ आलं. मुलगा शेतीवाडीवाला, शांत, खाली मान घालून बसणारा. बोलायचं काम त्याच्या मामाकडं होतं आणि मामाला ते काम मनापासून आवडत होतं. शिरा खाऊन, हात धुऊन, मिशा पुसून मामा म्हणाला, "पोरगी पसंत आहे. घर पसंत आहे. फक्त तब्येत जराशी उतरवा. आमचा पोरगा बारीक चणीचा, मांडवात जोडा शोभला पायजे. आता त्याचेबी औषधं निघाले म्हन्तात. डॉक्टरची चिठ्ठी घ्या, पोरीले गोळ्या द्या, वजन उतरलं का तारीख काढू."

तारीख हा शब्द ऐकून बापूरावांचे कान उभे राहिले. मामाच्या तोंडी ती लग्नाची तारीख होती. बापूरावांनी आयुष्यभर दुसरीच तारीख पाहिलेली. ते गंभीरपणे म्हणाले, "मंजूर. पन अशा औषधाइच्या तीन जाती आहेत म्हन्तात. तिघांची बाजू ऐकू, मंग निकाल देऊ."

वच्छलाला मुलगा आवडला होता. पाहुणे गेल्यावर तिनं सरळ हात पुढं केला. "बाबा, आना गोळ्या. मी खातो. माह्यापायी लग्न अडून राह्यलं, तर काहून नाही खायचं?"

"खाशील. पन आधी जबानी माझी," बापूराव म्हणाले.

आणि अशा रीतीनं वाशिममधल्या सगळ्यांत वाळक्या माणसानं वजन उतरवायला घेतलं.

पहिली चिठ्ठी गावातल्याच डॉक्टरची. डॉक्टर त्यांच्याकडं बघून म्हणाले, "मुन्शीजी, तुम्हाला वजन वाढवायचं औषध पाहिजे."

"पक्षकार घरी आहे," बापूराव म्हणाले. "मी वकीलपत्र घेऊन आलो."

डॉक्टरांनी वच्छलाच्या नावानं गोळ्या लिहून दिल्या. बापूरावांनी त्या स्वतः चालू केल्या. थंडीचे दिवस, गावानं शेकोट्या पेटवलेल्या, आणि हे निंबाखाली सदरा काढून घाम पुसत बसलेले. "बीए, छातीत बँड वाजून राह्यला. वरात कोनाची आहे ते समजून नाही राह्यलं." हात असा कापे की त्यांनी लिहिलेला एक अर्ज कचेरीतून परत आला, हा तेलुगूत का लिहिला, अशी विचारणा झाली.

गोळ्यांच्या डबीत इंग्रजी कागद होता. तो वाचायला मला बोलावणं आलं. मी वाचून सांगितलं की हे थायरॉईड नावाचं औषध जनावराच्या गळ्यातल्या गाठीपासून करतात.

"कोन्या जनावराच्या?"

"ते लिहिलेलं नाही. मेंढी असेल. डुक्करही असेल."

बापूरावांनी जन्मात अंडं फोडलं नव्हतं. त्यांनी डबीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "साक्षीदारानं आपलं कूळ लपवलं. जबानी बाद."

मामा विचारायला आला तेव्हा त्याला संक्रांतीनंतरची तारीख मिळाली.

दुसरी चिठ्ठी अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरची. ही गोळी भूक मारणारी. मोटरीनं जाऊन ती आणली आणि बापूरावांची भूक त्याच दिवशी, त्यांच्याच शब्दांत, फरार झाली. झोपही तिच्यासोबत गेली. एरवी तोलूनमापून बोलणारा माणूस, त्याच्या तोंडाला खळ राहिला नाही. हातातले सगळे अर्ज लिहून संपवले, मग ज्यांनी मागितले नव्हते त्यांचेही लिहायला घेतले. एका शेतकऱ्याला त्यांनी बैल चोरीला गेल्याचा अर्ज लिहून दिला. तो बिचारा त्याच बैलाची वेसण हातात धरून समोर उभा होता.

"बैल आज नाही गेला तर उद्या जाईन," बापूराव म्हणाले. "अर्ज तयार असू दे."

वच्छला ताट घेऊन त्यांच्यापुढं बसायची. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. "बाबा, एक घास. रोडगे केले तुमच्या आवडीचे."

"आरोपीच हजर नाही, तर वारंट कोनावर बजावतं?"

मग गोळ्या संपल्या आणि माणूस उसवल्यासारखा झाला. निंबाला टेकून बसायचा आणि कोणी रामराम केला तरी डोळ्यांत पाणी आणायचा. मला म्हणाले, "हे औषध माणसाले आधी वर चढवते अन् मंग शिडी काढून घेते."

मामाला होळीनंतरची तारीख मिळाली.

तिसरी चिठ्ठी शिरपूरच्या वैद्याची, गुग्गुळ आणि काढा. वैद्यानं नाडी पाहिली आणि पोट धरून हसला. पण मुन्शीजी हटले नाहीत. काढ्यानं त्यांचं जे केलं ते सभ्य भाषेत एवढंच सांगता येईल, की त्या दिवसांत त्यांनी कोर्टापेक्षा जास्त हजेरी नाल्यावर लावली. पक्षकार निंबाखाली खोळंबून बसत आणि मुन्शीजी लोटा घेऊन दूरवरून हात करत, "आलोच."

गावाला तोपर्यंत हा तमाशाच झाला होता. जिनिंगमध्ये कापूस तोलायचा मोठा काटा होता. आड्याला टांगलेली दांडी, दोन बाजूंना साखळ्यांवर दोन फळ्या. प्रत्येक औषधानंतर बापूराव त्या काट्यावर जाऊन बसत. काटेवाला इस्माईलभाई पहिल्या वेळी म्हणाला, "मुन्शीजी, खिशात दोन गोटे टाका. काटा तुमाले मोजून नाही राह्यला." दुसऱ्या वेळीही तो हसला. तिसऱ्या वेळी मात्र त्यानं वजनं उतरवून ठेवली आणि नुसतं म्हणाला, "मुन्शीजी, अब बस करो." कोट खुंटीवर दिसावा तसा त्यांच्या अंगावर दिसत होता.

त्याच आठवड्यात मामा आला. या वेळी तारीख घ्यायला नव्हे, भांडायला. गल्लीतला शिकलेला साक्षीदार म्हणून त्यानं मलाही मुन्शीजींच्या ओसरीवर ओढून नेलं.

"मुन्शी, खेळ लावला का? दुसरं स्थळ दारात उभं आहे आमच्या. आज हो म्हना, नाही तर नाही म्हना. पोरीले औषध देता का नाही?"

बापूराव सतरंजीवर बसले होते ते उठून उभे राहिले. निकाल द्यायचा म्हणून टोपी घातली. वच्छला आतल्या दाराशी येऊन थांबली.

"ऐका. तिघांच्या जबान्या झाल्या. उलटतपासणी झाली. औषधं तिन्ही खरी आहेत, मामासाहेब. कोनीच खोटं नाही बोललं. वजन उतरते. पुरावा तुमच्यासमोर उभा आहे."

"मंग द्या ना पोरीले!"

"उतरते म्हनूनच नाही देत."

मामा माझ्याकडं पाहायला लागला. बी.ए.ला काही कळलं असेल अशी त्याची आशा असावी. मला कळलं नव्हतं.

बापूरावांनी टोपी पुन्हा काढली. ती हातात फिरवत, एरवीच्या आवाजात म्हणाले, "वच्छीची माय अशीच होती. वच्छीवानी. हसली का भांडे वाजत. मंग तिले क्षय झाला अन् ती उतरत गेली. शेवटी दवाखान्यात न्यायचं होतं, बैलाचं खासर मिळालं नाही, तर म्या तिले हातावर उचलून नेलं. हा असा मी. इथून तं दवाखान्यापावतर. माझा हात नाही दुखला." मग ते म्हणाले, "मामासाहेब, बायकोले उचललं तर हात दुखाले पायजे. या घरातून एक बाई हलकी होऊन गेली. दुसरी नाही जानार. खटला खारीज."

मामा वाईट माणूस नव्हता. त्यानं पागोटं सारखं केलं आणि म्हणाला, "मंग आमचाबी नाइलाज आहे." आणि गेला.

मी वच्छलाकडं बघायचं टाळत होतो. ती आत गेली आणि ताट वाढून घेऊन आली. बापापुढं ठेवलं, समोर बसली.

"निकाल झाला ना?"

"झाला."

"मंग जेवा आता. तुमी पोरीची काळजी करता अन् सवताचा निवळ सांगाडा करून घेतला. हात नाही दुखनार माहाबी, तुमाले उचललं तर."

बापूरावांनी त्यावर दोन्ही बाजू मागितल्या नाहीत. जेवले.

किन्हीराजाचं स्थळ गेलं ते गेलंच. वच्छला काही दिवस विहिरीवर कोणाशी बोलत नव्हती आणि माझा आरसा भिंतीवर स्थिर होता. पुढल्या वर्षी धनजचे लोक आले. मुलाच्या आईनं तिला दोन गुंड घेऊन येताना पाहिलं आणि एवढंच विचारलं, "रोज दोन आनतं का वं?" त्या उन्हाळ्यात लग्न लागलं. त्या तारखेला बापूरावांनी एकदाही तहकुबी मागितली नाही. नंतर मात्र भिंतीपलीकडं इतकं शांत झालं, की बापूराव स्वतःलाच "पिठलं का वरण?" असं विचारत, ते मला ऐकू येई. उत्तर बहुधा येत नसे.

पहिल्या संक्रांतीला वच्छला माहेरी आली. मोटरस्टँडवर तिला घ्यायला बापूराव गेले, सोबत मी. तिची पिशवी माझ्या हातात दिली आणि घराकडं वळायच्या ऐवजी ते जिनिंगच्या रस्त्याला लागले.

"बाबा, घर तिकडं आहे."

"ठाऊक आहे. आधी काट्यावर चल."

कापसाचा हंगाम, आवारात गाड्यांची रांग, गाडीवाले बिड्या ओढत बसलेले. इस्माईलभाईनं काही न विचारता दोन्ही फळ्या रिकाम्या केल्या. वच्छला लाजून पदर तोंडाशी धरून म्हणाली, "बाबा, लोक पाहून राह्यले ना!"

"पाहू दे. साक्षीदार लागतातच."

ती एका फळीवर बसली. इस्माईलभाई वजनं उचलायला वाकला, पण बापूरावांनी हातानं त्याला थांबवलं आणि चप्पल सांभाळत स्वतःच समोरच्या फळीवर जाऊन बसले. साखळ्या कुरकुरल्या. वच्छलाची फळी धप्पकन जमिनीला टेकली आणि बापूराव वर गेले. चांगले वर. एक चप्पल पायातून सुटून खाली कापसात पडली. गाडीवाले हसायला लागले, मग वच्छलाही हसली, पूर्वीसारखीच.

बापूराव वर टांगलेले, साखळीला धरून, पाय हालवत. खाली टेकलेल्या त्या फळीकडं ते टक लावून बघत होते.

"झालं ना?" वच्छला म्हणाली. "उठू आता मी?"

ती उठली की ते खाली येणार होते.

"बस वं माय जराशी," ते वरून म्हणाले. "पुढची तारीख लांब आहे."