तडितवीराच्या तिसऱ्या भागावरून व्याह्या-व्याह्यांत जे रण माजले त्याची हकिकत

आई एकवीरेच्या चरणी मस्तक ठेवून आणि चित्रगृहात आपल्या पुढल्या खुर्चीत उंच मनुष्य न बसवणाऱ्या अज्ञात दैवतासही एक नमस्कार करून ही हकिकत लिहावयास घेतली आहे. चौलचे मोरूशेट आणि उरण प्रांतीचे दत्तात्रेयशेट, या उभयता व्याह्यांमध्ये एका सिनेमापायी जे तुंबळ जाहले, ते साद्यंत लिहिणे ऐसी थोरांची आज्ञा जाहली. त्यास जे डोळ्यांनी पाहिले आणि जे नाक्यावर ऐकले तितकेच लिहिले आहे, वर तिखटमीठ घातलेले नाही. कोणास लागलेच तर तो त्याच्या जिभेचा गुण.

मुलखात तडितवीर नामे एक पडद्यावरचा वीर होऊन राहिला होता. त्याचे अंगी वीज खेळे, निळी चड्डी तो विजारीवरून परिधान करी, आणि पृथ्वीस संकट पडताच जेथे असेल तेथून उडे. दुसऱ्या भागाच्या अखेरीस शून्यासुर नामे दुष्टाने चंद्राचा लचका तोडला आणि तेथेच दिवे लागले, तेव्हापासून तमाम रयत तिसऱ्या आणि अखेरच्या भागासाठी तळमळत होती. त्यातच दत्तात्रेयशेटींचे चिरंजीव निकेतराव, ज्यांचे ट्रेलर न्हावा शेव्याच्या बंदरावर रात्रंदिवस कंटेनर वाहतात, त्यांचा साखरपुडा मोरूशेटींची कन्या अमिषाबाई हिजशी थाटाने पार पडला होता. हळदीचा दिवस ठरला होता, आणि धवलारीण सोनाबाई, जिच्या कंठातून धवल्यांची गाणी निघाल्यावाचून आगरी घरचे लग्न लागले ऐसे कोणी मानीत नाही, तिला सुपारीही पावली होती. मग निकेतरावांनी मसलत काढली की, उभय घराण्यांनी मिळून तिसरा भाग पाहावा. दत्तात्रेयशेटींनी तात्काळ फर्मान सोडले की, तिकिटे आमची, समोसे आमचे, व्याह्यांनी खिशात हात घातला तर सोयरीक मोडली समजावे.

मग दोन्हीकडच्या फौजा टेम्पो-सुमोंत बसून पेणच्या वाटेवरील चित्रगृही कूच करत्या जाहल्या. आणि तेथे ती चूक घडली, जी मांडवाची सवय हाडी मुरलेले लोकच करू जाणोत. कोणी न सांगता वरपक्ष उजवीकडे बसला आणि वधूपक्ष डावीकडे, आणि मधली वाट अंतरपाटासारखी मोकळी राहिली. उजवीकडच्या काठास निकेतराव, डावीकडच्या काठास अमिषाबाई, आणि मधून पॉपकॉर्नवाला येरझारा घाली.

अखेरीस ऐसे जाहले की, तडितवीर घरी आला, पत्नी ताट वाढावयास आत गेली आणि हा तिला एक शब्द न सांगता दारातून उडाला, शून्यासुराच्या जबड्यात शिरला, वीज होऊन फुटला, आणि पृथ्वी वाचली. दिवे लागले. उजवीकडे शिट्ट्या आणि रडारड, डावीकडे खोकला. तेव्हा दत्तात्रेयशेट यजमानाच्या तोऱ्यात वदले, "काय व्याही? कसा वाटला आमचा पिक्चर?"

मोरूशेट तोंडाचे सरळ. "बरा व्हता," म्हणाले, "पन शेवट जरा कच्चा राह्यला."

कच्चा! पंगतीत भात कच्चा राहिला ऐसे व्याह्याने यजमानाच्या तोंडावर म्हणावे, तैसे ते लागले. दत्तात्रेयशेटींनी जाब पुसला की, समोसे खाताना कच्चे लागले नव्हते काय? आणि इतक्यात वाटेच्या काठावर याहून वाईट घडले. डोळे पुसत निकेतराव म्हणाले, "काय मरन हाय, अमिषा! याला बोलतात हिरो!"

"बायको ताट वाढतेय आनि हा न सांगता गेला. कसला हिरो?"

"अगं, दुनिया वाचवायला गेला ना तो!"

"मग तू पन जा," अमिषाबाई म्हणाल्या, आणि टेम्पोत जाऊन बसल्या.

मग युद्ध पेटले. दत्तात्रेयशेटींचा हुकूम सुटला की, व्याही जोवर शेवट चांगला म्हणत नाहीत तोवर हळद दळली जाणार नाही. मोरूशेटींनी उलट कळवले की, कच्च्यास पक्का म्हणण्याची रीत चौलात नाही. हळदीच्या बॅनरचे काम थांबले. व्हॉट्सॲपावरील 'दोन घरं एक परिवार' या गटातून रोज एक सरदार बाहेर पडू लागला, आणि राहिलेल्यांत चड्डीचा निळा रंग पहिल्या भागाहून फिका का, यावर चकमकी झडल्या. निकेतराव रोज फोन करीत आणि अमिषाबाई घेत नसत, तेणेकरून ते ऐसे भ्रमिष्ट जाहले की, चीनला जाणारा कंटेनर आलेल्या मालाच्या रांगेत नेऊन उभा केला.

अमिषाबाईंचे दुःख सोनाबाईस मात्र ठाऊक जाहले. "मावशे, मना राग पिक्चरचा नाय," ती म्हणाली. "याला फोन आला का हा जेवता जेवता उठून जातो. त्या पडद्यावरच्याला बघून हा टाळ्या वाजवतो. मंग मी जन्मभर ताट घेऊन बसू काय?"

सोनाबाईने पदर खोचला आणि दोन्ही छावण्यांत जाऊन एकच न्याय सुनावला. "व्याह्यांनी मान दिला, तो परत कराया नको? मोरूशेट, तुमी दाखवा आता त्यांना पिक्चर. तोच! आनि लवकर काय ते करा, माजा गला बसायच्या आत."

मान परत करणे यास कोण नाही म्हणेल? मोरूशेटींनी तिकिटे काढली, समोशांवर बटाटेवडेही ठेवले, आणि फौजा पुन्हा त्याच चित्रगृही दाखल जाहल्या. आता नवलाची गोष्ट ऐसी की, दत्तात्रेयशेट पाहुणे जाहले आणि पाहुण्याची जीभ सुटली. मध्यंतराआधीच म्हणाले, "हा वीर उडतो तवा केस कसे नाय इस्कटत?" मग मोरूशेट यजमानाच्या अगत्याने त्यांचे गुडघ्यास हात लावून म्हणत, "व्याही, जरा दम खावा, पुढं बघा! शेवट काय हाय, शेवट!" आणि स्वतःच रुमाल काढून बसले.

निकेतरावांस सोनाबाईने दंड धरून अमिषाबाईंच्या शेजारी बसवले होते. पडद्यावर वीर घरी आला, पत्नी ताट वाढावयास आत गेली, आणि नेमका निकेतरावांचा फोन थरथरला. बंदरावरून होता. निकेतराव सवयीप्रमाणे उठले, वाकून पाच जणांचे पाय तुडवीत दारापर्यंत गेले, आणि अमिषाबाईंनी पडद्याकडे पाहतच ओठ आवळले.

दाराशी निकेतराव थबकले. मग मागे वळले, तेच पाच जणांचे पाय पुन्हा तुडवीत आले आणि तिच्या कानाशी लागले, परंतु ट्रेलरवाल्याचा आवाज, तो कानापुरता कोठून राहणार? "अमिषा, गाडीचा फोन हाय गं. बोलून येतो. येतोच!"

सगळे चित्रगृह एकमुखाने म्हणाले, "शूऽऽऽ!"

ते परतले तो वीज फुटून गेली होती आणि मोरूशेट हुंदके देत होते. "काय झाला?" निकेतरावांनी पुसले.

"गेला तो," अमिषाबाई म्हणाल्या. "न सांगता."

निकेतराव पडद्याकडे पाहून म्हणाले, "येडा हाय." आणि तिने आपल्या हातातला अर्धा वडा त्यांचे हाती दिला.

दिवे लागताच दत्तात्रेयशेटींनी जाहीर केले की, व्याह्यांचे अगत्य अव्वल, परंतु शेवट कच्चा. मोरूशेटींनी उत्तर केले की, ऐसा शेवट पुन्हा होणे नाही. तो वाद आजतागायत चालू आहे, फक्त दोघांनी बाजू बदलल्या आहेत, सबब कोणाचाच मान गेला नाही. ठरल्या दिवशी हळद लागली, सोनाबाईच्या धवल्यांनी मांडव दणाणला, आणि गटातून गेलेले सरदार परत रुजू जाहले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. कोणी कोणास जिंकले यावरून पुढे तंटा न व्हावा म्हणून कायमची नोंद करून ठेविली ती ऐसी की, पृथ्वी तडितवीराने वाचवली, आणि लग्न निकेतरावांनी, दारापासून माघारी येऊन. पैकी पृथ्वीचे काम सोपे होते.