दंड ओळखणारी गया सिस्टर

गया सिस्टरला माणसाचं तोंड लक्षात राहत नाही, दंड राहतो.

आमच्या गावचा तुकाराम पंधरा वर्षांनी पुण्याहून परत आला. जाताना त्याच्या डोक्यावर केस होते आणि हनुवटीवर काही नव्हतं. येताना सगळं उलटं. सख्ख्या आईनं दारातून विचारलं, "कोण पाहिजे?" नेमकी तेव्हाच रस्त्यानं गया सिस्टर चालली होती. तिनं काही न विचारता त्याची डावी बाही वर सरकवली, जन्मल्या जन्मल्या टोचलेल्या लसीचा व्रण पाहिला आणि म्हणाली, "अगं, तुझाच तुका हाय. लाथ मारली होती मेल्यानं मला, म्हणून व्रण वाकडा आलाय." तेव्हा कुठं आईनं चहाचं आधण ठेवलं.

ही गोष्ट मी तालुकाभर सांगतो. विश्वास कुणी ठेवत नाही, पण ऐकता ऐकता सगळे आपापला डावा दंड चोळतात.

आमचं गाव बोरीपासून सहा-सात किलोमीटर आत. गावातल्या आरोग्य उपकेंद्राची आणि माझ्या शाळेची भिंत एकच. त्या भिंतीपलीकडं गया सिस्टरनं छत्तीस वर्षं नोकरी केली. म्हणजे छत्तीस वर्षांच्या आतलं, या गावात जन्मलेलं एकही माणूस तिच्या सुईतून सुटलेलं नाही. मी चौतीसचा. म्हणून भर वर्गात खिडकीतून ती मला "ए मास्तर" अशी हाक मारायची आणि पोरांना दिवाळी झाल्यासारखं वाटायचं. तरी माझं बरं. आमचे सरपंच मिशीवर लिंबू तोलतात, सभेत आमदाराला गप्प बसवतात. पण समोरून लसींचा निळा डबा घेतलेली सिस्टर दिसली की त्यांना एकदम शेतातलं काम आठवतं.

लसीच्या दिवशी मी वर्गात शिकवायच्या भानगडीत पडत नसे. भिंतीपलीकडून एकेक आरोळी अशी यायची की फळ्यावरची अक्षरं आपोआप खाली घसरायची. आणि मध्येच खिडकीत सिस्टरचं डोकं. "ऐकलास का मास्तर? हे कदमाचं घराणं. बाप बी असाच रडायचा. दम लय, सूर न्हाई."

एकदा मी सातवीला रोगप्रतिकारशक्ती शिकवत होतो. पांढऱ्या पेशी, त्यांचे प्रकार, प्रत्येकीचं काम. खिडकीतून आवाज आला, "असं शिकवायलास व्हय? लेकरं झोपायलीत की रं!" पुढच्या मिनिटाला बाई वर्गात आणि खडू तिच्या हातात.

"पोरांनो, रगतातल्या पांढऱ्या पेशी म्हंजे ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या. कोण आलं, कुणाकडं आलं, कवा जानार, सगळी चौकशी. आता लस म्हंजे काय? तर चोराचे हातपाय बांधायचे आन त्याला ओट्यासमोरून एकदा फिरवून आनायचं. म्हाताऱ्यांनी तोंड बगितलं की संपलं. मग पुढं खरा चोर येशीत पाय टाकतो न टाकतो, तवर ह्यांचा कालवा सुरू. सगळं गाव काठ्या घेऊन हजर. शरीर विसरत न्हाई, पोरांनो. मानूस विसरंल, शरीर न्हाई."

पोरांच्या हे असं पक्कं डोक्यात बसलं की त्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी "पांढऱ्या पेशी कुठं असतात?" असं विचारल्यावर अख्ख्या वर्गानं एका सुरात सांगितलं, "मारुतीच्या पाराशेजारच्या ओट्यावर!" साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

'शरीर विसरत न्हाई' हे तिचं पालुपद. कंडक्टरनं ओळख दाखवली नाही की, "दंड बग तुझा, शरीर विसरत न्हाई." कुणी नवऱ्याच्या विसरभोळेपणाची तक्रार केली तरी तेच. फक्त एक अडचण होती. गावातली लेकरंही विसरत नव्हती.

दीड महिन्याच्या पोराला आई ओळखू यायच्या आधी गया सिस्टर ओळखू यायची. तिचा पदर कोपऱ्यावर दिसला की गल्लीतले सगळे पाळणे एकाच वेळी वाजायला लागायचे. तिनं उपाय कमी केले नाहीत. पांढरी साडी सोडून हिरवी नेसली. आठ दिवसांत लेकरं हिरव्यालाही रडू लागली, आणि बाया म्हणतात की पोरांनी मेथीची भाजी सोडली ती तेव्हापासून. मग तिला वाटलं, आपल्या अंगाला स्पिरिटचा वास येतो. म्हणून चंदनाच्या साबणानं दिवसातून तीनदा हात धुवू लागली. महिन्याभरात आमच्या दुकानदारानं चंदनाचा साबण ठेवायचंच बंद केलं. म्हणाला, "गिऱ्हाईकच न्हाई. साबन घरात गेला की पोरगं घर डोक्यावर घ्यायलंय."

गावात बारसं असलं की सिस्टरला पहिलं आमंत्रण. बसायला खुर्ची, ताट सगळ्यात आधी, मान मोठा. खुर्ची मात्र दारापाशी. पाळण्यापाशी कुणी बोलवत नसे. एकदा तिनं उगीच पाळण्याच्या दोरीला हात लावला, तर झोपलेलं पोर असं किंचाळलं की नाव ठेवायचं राहूनच गेलं. तेव्हापासून ती स्वतःच दारापाशी बसायची आणि "इथं वारा लय चांगला लागायलाय" असं सगळ्यांना सांगायची. तिला स्वतःचं लेकरू नव्हतं. गावात हे कुणी बोलत नसे, तीही नाही.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी, ती माझ्या दारात उभी. "गाडी काढ मास्तर. येलदरी धरनाच्या पान्याकडं मेंढरं बसलीत. त्यांच्यात धा महिन्याचं लेकरू हाय आन त्याला एकबी सुई न्हाई. आशाताईनं सांगितलं."

मला सुट्टी होती. गया सिस्टरला हे सांगण्यात अर्थ नसतो. निळा डबा मधे ठेवून आम्ही निघालो.

माळावर मेंढ्या, जाळीचं कुंपण, तीन दगडांची चूल आणि एक काळं कुत्रं. चुलीपाशी धुरपताबाई, म्हणजे त्या लेकराची आजी. लेकरू मुलगी होतं; नाव बानू.

"सुई कामून?" आजी म्हणाली. "लेकरू तर ठनठनीत हाय."

सिस्टरनं कुत्र्याकडं बोट दाखवलं. "ह्ये लांडगा वळखतं का?"

"न वळखायला काय झालं? एकदा बगितलाय त्यानं. आता लांबूनच भुकतंय."

"तेच म्हनायले मी. ह्या बाटलीत लांडगा न्हाई, नुसतं त्याचं कातडं हाय. नातीच्या रगतातल्या कुत्र्याला तेवढं हुंगवायचं."

"आन हुंगून कुत्रं तापलं तर?"

"तापंल एखांदा दिस. गोळी देऊन जाते."

आजीनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बाई, तू मेंढरं राखलीस का काय कवा?"

"मानसं राखलीत," सिस्टर म्हणाली. "मेंढरं बरी."

आणि तेवढ्यात ते घडलं. बानू रांगत रांगत आली, सिस्टरचा पदर धरून उभी राहिली आणि हसली. दोनच दात, पण त्या दोन दातांत येलदरीचं सगळं पाणी चकाकलं. मग ती सरळ सिस्टरच्या मांडीत जाऊन बसली आणि तिचा चष्मा ओढायला लागली.

मी बाईला कधी गप्प पाहिलेली नाही. त्या दिवशी पाहिली. चष्मा गेला, केस विस्कटले, नाकावर बुक्की बसली, सिस्टर हलेना. तिनं डब्यातला बर्फ तपासला. परत तपासला. तिसऱ्यांदा तपासल्यावर खालच्या आवाजात मला म्हणाली, "मास्तर, आज राहू दे का रं?"

छत्तीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नसेल. तापात असताना, घरात मयत झालेली असताना, कापूस वेचायच्या ऐन घाईत तिनं डबा उचललेला होता. मी आजीला विचारलं, "मुक्काम किती दिवस?"

"उंद्या निघायलोत. देवगाव फाट्याकडं."

सिस्टरनं ते ऐकलं. बानूच्या हातातला चष्मा हळूच सोडवून घेतला. "धा मिनिटं दे मास्तर. घड्याळ बग."

मी घड्याळ बघत बसलो. दोघींचं काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही. त्यात टाळ्या होत्या, कुत्र्याचे कान होते आणि एक गाणं होतं, ज्याला चाल नव्हती. दहा मिनिटं झाली, मी बोललो नाही. बारा झाली. पंधरा झाल्यावर मी खाकरून म्हणालो, "झाली दहा."

"तुझं घड्याळ मागं हाय मास्तर," ती म्हणाली आणि हात धुवायला उठली.

तोंडात दोन थेंब, एक सुई मांडीत, एक दंडात. रडायच्या आधी बानूनं फक्त तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग जो टाहो फोडला, त्यानं धरणाचे दरवाजे हलल्याचं मला एका मासे धरणाऱ्यानं नंतर सांगितलं. ती आजीच्या पदरात घुसली आणि परत बाहेर आली नाही.

आम्ही परत निघालो. गाव दिसायला लागलं तेव्हा सिस्टरनं फोन काढला. "हां, देवगाव फाट्याकडं तुमचीच डिव्टी ना? उंद्या मेंढरं निघायलीत तिकडं. बानू नाव हाय, आजी धुरपताबाई, संगं काळं कुत्रं. महिन्यानं दुसरी सुई, चुकवू नका." मग पुढच्या गावाला फोन. मग त्याच्या पुढच्या. कळप जाईल तिथं तिचा फोन आधी पोचत राहिला.

उन्हाळ्यात ती निवृत्त झाली. निळा डबा नव्या सिस्टरकडं गेला. गावानं शाल दिली, भाषणं झाली. सरपंच बोलताना डावा हात पाठीमागं धरून उभे होते.

हिवाळा आला. एक दिवस ती माझ्या दारात उभी. जांभळी साडी, डोक्यात अबोलीचा गजरा आणि हातात यात्रेतला लाकडी खुळखुळा.

"मेंढरं आलीत मास्तर. आता माझ्या हातात डबा न्हाई, सुई न्हाई, वास न्हाई." खुळखुळा एकदा वाजवून बघितला. "यील का रं जवळ?"

मी म्हणालो, "येईल की." गाडी काढली. वाटेत मी, देवाधर्माचं नाव न घेणारा माणूस, दोन नवस बोललो.

माळ तोच, चूल तीच. बानू आता पळत होती. तिनं पन्नास पावलांवरून आम्हाला पाहिलं, थबकली, स्वतःचा दंड गच्च धरला आणि आकाश फाडून ओरडली. कुत्रं भुंकायला लागलं. बानू धुरपताबाईच्या लुगड्यामागं गडप.

मला गाडी तिथंच वळवावीशी वाटली. सिस्टरकडं बघायची हिंमत होईना. बघितलं, तर बाई माळावर उभी राहून टाळ्या पिटत होती.

"वळखलं! वळखलं रं मास्तर! पन्नास पावलांवरून! जांभळी साडी नेसून आले तरी वळखलं! शरीर विसरत न्हाई!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मोठ्यानं हसत होती.

धुरपताबाईनं खोपीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड आणून दाखवलं. एकही रकाना रिकामा नव्हता. "जाईल तिथं तुझ्या भैनी हजर," आजी म्हणाली. "सगळ्या म्हनायच्या, बानू कोनती? आन काळं कुत्रं कुठाय?"

सिस्टरनं कार्डावरून बोट फिरवलं. मग खुळखुळा एका दगडावर ठेवला आणि म्हणाली, "चल मास्तर. मी हाय तवर ती भायेर यायची न्हाई."

आम्ही वीस-पंचवीस पावलं चाललो असू. रडणं थांबलं. मग मागून आवाज आला, आधी चाचरत, मग जोरात: खुळ, खुळ, खुळखुळ.

मी वळणार, तेवढ्यात तिनं माझा डावा दंड धरला. "वळू नको. वळलास की बंद पडंल."

आम्ही दोघं माळाकडं पाठ करून तसेच उभे राहिलो. किती वेळ, ते मला विचारू नका. माझं घड्याळ मागं आहे.